कट मारून गेला, आता काय?

वाचकांचे प्रश्न, एका सायकलस्वाराची उत्तरं

मागच्या अंकात गिअर आणि साखळीबद्दल लिहिलं होतं. पत्रं मात्र साखळीबद्दल आली नाहीत. बहुतेक सगळी एकाच गोष्टीबद्दल आली, ती म्हणजे मागून येऊन अंगाला चाटून जाणाऱ्या गाड्या. त्यातली तीन घेतली आहेत. तिसरं पत्र एका मोटारवाल्याचं आहे आणि चांगलं चिडलेलं आहे.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. गेले आठ महिने शाळेत सायकलनं जाते, जाताना सात किलोमीटर, येताना सात. कुणाच्या मध्ये यायला नको म्हणून अगदी कडेच्या पांढऱ्या पट्टीवरूनच चालवते. तरी आठवड्यातून दोन-तीनदा एखादी गाडी इतक्या जवळून जाते की बाही आरशाला लागेल असं वाटतं. परवा एक ट्रक गेला, तेव्हा सायकल आधी कडेकडे ढकलली गेली आणि लगेच ट्रककडे ओढली गेल्याचा भास झाला. नवरा म्हणतो, अजून कडेनं चालव. मैत्रीण म्हणते, मधून चालव. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, तो भास नव्हता. मोठी गाडी पुढची हवा दोन्ही बाजूंना लोटत येते, त्यामुळे पहिला धक्का कडेच्या दिशेनं बसतो. गाडीचं तोंड पुढे गेलं की बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि सायकल गाडीकडे खेचली जाते. घाबरलेला माणूस पहिल्या धक्क्याला विरोध म्हणून स्वतःच ट्रककडे झुकतो, आणि नेमकी त्याच क्षणी ओढ सुरू होते. वारा आडवा असेल तर आणखी एक गंमत होते. ट्रकच्या आडोशाला वारा अचानक थांबतो आणि ट्रक गेला की परत थोबाडीत बसतो. यावर उपाय एकच: कोपर सैल, नजर पुढच्या रस्त्यावर, हँडल घट्ट आवळायचं नाही. ट्रककडे बघत राहिलात तर सायकल ट्रककडेच जाते.

आता कडेचं. मी अठ्ठावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं स्वतः कामावर सायकलनं गेलो. त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तुमच्या यजमानांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण चुकीचा आहे.

सायकलचं एक गुपित बहुतेकांना माहीत नसतं, कारण शरीर ते आपोआप करतं. सायकल एका बाजूला वळवायची तर चाक आधी किंचित दुसऱ्या बाजूला जावं लागतं, तेव्हा कुठे ती हव्या त्या बाजूला कलते. म्हणजे कडेच्या उंचवट्याला खेटून चालवत असाल आणि समोर खड्डा आला, तर रस्त्याकडे वळण्यासाठी चाक आधी उंचवट्याकडे न्यावं लागेल. तिथे जागा नाही. मग तुम्ही एक तर खड्ड्यात जाता किंवा उंचवट्याला घासून पडता. उलट गाडी अगदी जवळ असताना दचकून कडेकडे हँडल मारलंत, तर चाक कडेकडे जातं, पण सायकल आणि तुम्ही पहिल्यांदा गाडीकडे कलता. म्हणून कट बसत असताना झटका द्यायचा नाही. सरळ जायचं, आणि गाडी पुढे गेल्यावर हळूहळू आत, म्हणजे कडेकडे, सरकायचं. सरकायला आत जागा पाहिजे, एवढंच.

ही आतली जागा हाच सगळा मुद्दा आहे. पुष्कळ सायकलवाले सांगतात, ‘थोडं बाहेर चालव, गाड्या आपोआप लांबून जातात.’ मीही सांगायचो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात तेव्हा असलेले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी २००६ मध्ये सायकलला अंतर मोजणारं यंत्र बांधून दोन हजारांहून अधिक ओव्हरटेक मोजले. कडेपासून पाव मीटर, अर्धा मीटर, असं करत ते सव्वा मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर चालवत होते. जसजसे ते बाहेर सरकले, तसतसं गाडीनं सोडलेलं अंतर वाढलं नाही, उलट कमी झालं. गाडीवाला आपल्या ठरलेल्या रेषेतून जातो, तुम्ही कुठे आहात यावरून ती रेषा फारशी बदलत नाही. (त्या प्रयोगात त्यांना एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं धडकही दिली. संशोधनाची हौस दांडगी.)

मग बाहेर का चालवायचं? तर बाहेरची जागा किती सोडायची हे दुसऱ्याच्या हातात आहे, आतली तुमच्या हातात. कडेपासून पाऊण ते एक मीटर सोडून चालवलंत तर खड्डा चुकवता येतो, आणि ट्रकनं घाबरवलं तर अर्धा मीटर आत पळता येतं. कडेला चिकटलेल्या माणसाकडे पळायला काहीच उरत नाही.

पांढऱ्या पट्टीवर विसंबू नका. मेलबर्नमध्ये साठ सायकलस्वारांच्या सायकलींवर यंत्रं लावून अठरा हजारांवर ओव्हरटेक मोजले, तेव्हा नुसता रंग मारून आखलेल्या सायकल-पट्ट्यांच्या ठिकाणी गाड्या जास्त जवळून गेल्याचं दिसलं. पट्टीच्या शेजारी गाड्या उभ्या असतील तर आणखी जवळून. मला याचं नवल वाटलं नाही. गाडी शिकवताना मी हेच तर सांगायचो: पट्टी धरून चाला. ड्रायव्हर तुम्हाला बघून नाही, पट्टी बघून गाडी चालवतो. पट्टीच्या आत आहे म्हणजे झालं, असा त्याचा हिशोब असतो.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला काही ठिकाणी बरोबर आहे. जिथे रस्ता अरुंद होतो, पूल आहे, आंधळं वळण आहे किंवा बाजूला गाड्या ओळीनं उभ्या आहेत, तिथे सरळ लेनच्या मध्यावर या. या जागांवर तुमच्या शेजारून गाडी सुरक्षित जाऊच शकत नाही. मग ‘जाईल बहुतेक’ असं त्याला वाटू देण्यात अर्थ नाही. मध्ये यायचं ते पन्नासेक मीटर आधी, मागे वळून बघून, हात दाखवून. ऐनवेळी घुसायचं नाही. आणि अडचण संपली की परत आपल्या मीटरभर अंतरावर. उभ्या गाड्यांच्या फटींतून आत-बाहेर करत जाऊ नका, प्रत्येक वेळी बाहेर येताना तुम्ही मागच्याला नव्यानं दचकवता. उभ्या गाडीपासूनही मीटरभर लांबच राहा, दार उघडायला सेकंदही लागत नाही.

वळून बघण्याचा दुसरा उपयोग असा की मागच्याला तुमचा चेहरा दिसतो. हे कुठल्या यंत्रानं मोजलेलं नाही, माझा अनुभव आहे. खांद्यावरून नीट, दोन सेकंद बघितलं की पुष्कळ गाड्यांचा आवाज खाली येतो. हँडलला आरसा लावा, पण तो वळून बघण्याऐवजी नव्हे. आणि एक गाडी गेली की सुटलो म्हणू नका. तिच्या मागे चिकटून आलेल्या दुसरीला तुम्ही दिसलेलेच नसता. पहिली बाजूला होते आणि समोर एकदम सायकल! माझ्या बाबतीत वाईट प्रसंग आले ते जास्त करून दुसऱ्या गाडीमुळे.

कट मारून गेल्यावर काय? तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण यात मी स्वतः शहाणपणा केला आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मोटार माझ्या हँडलला जवळजवळ घासून गेली. डोकं फिरलं. जोरात पॅडल मारत पुढच्या सिग्नलला गाठली आणि काचेवर थाप मारली. काच खाली आली आणि आतला पोरगा म्हणाला, ‘सर, तुम्ही?’ माझाच विद्यार्थी, माझ्याकडे शिकून परवाना काढलेला. तो उद्धट नव्हता, मस्तीत नव्हता. खरोखर गोंधळून म्हणाला, ‘लागलं नाही ना? जागा होती की, सर.’ घरी येईपर्यंत मी आठवत होतो, याला मी सायकलच्या शेजारून जाताना किती अंतर सोड म्हणून सांगितलं होतं? आठवेना, कारण सांगितलंच नव्हतं. गाडी मागे घेणं, चढावर थांबवून परत उचलणं, सगळं घोटून घेतलं. सायकलबद्दल काय, तर ‘हॉर्न दे आणि काढ पुढे’.

तेव्हापासून मी कुणाच्या मागे लागत नाही. संतापलेला सायकलस्वार आणि चिडलेला ड्रायव्हर यांच्या भांडणात एकाभोवती टनभर लोखंड असतं. शिवाय रागात आपण पुढचा चौक बघत नाही. कट बसला की मी गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणत राहतो, कडेला थांबतो, पाणी पितो आणि लिहून ठेवतो: वेळ, जागा, गाडीचा रंग. तुमच्या रस्त्यावर आठवड्यातून दोन-तीनदा होतंय म्हणता, तर महिनाभर लिहा. माझ्या वहीत बहुतेक नोंदी त्याच चार-पाच जागांच्या निघाल्या. तिथे आता मी आधीच मध्ये येतो. एका जागी तर रस्ताच बदलला, तीन मिनिटं जास्त लागतात.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. पाठीवर ‘दीड मीटर लांबून जा’ असं छापलेलं भडक जाकीट घेऊ का? आणि हेल्मेट घातल्यावर गाड्या जास्त जवळून जातात असं वाचलं, ते खरं आहे का?

उत्तर: जाकीट घे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. याच वॉकर यांनी पुढे आणखी दोघांबरोबर सात प्रकारचे पोशाख करून पाहिले. नवशिक्यासारखा, शर्यतीतल्यासारखा, भडक रंगाचा, असे. फरक पडला तो फक्त पोलिसासारख्या दिसणाऱ्या आणि ‘चित्रीकरण चालू आहे’ असं सांगणाऱ्या जाकिटानं. आणि कुठलाही पोशाख असो, शंभरातले एक-दोन ओव्हरटेक अर्ध्या मीटरच्या आतून झालेच. त्या एक-दोघांसाठीच वरच्या उत्तरातली आतली जागा. भडक रंगाचं काम तू लांबून दिसावास एवढंच आहे. अंधार पडायच्या आधीपासून मागचा लाल दिवा लाव.

हेल्मेटचं: त्यांच्या पहिल्या प्रयोगात सरासरी साडेआठ सेंटिमीटरचा फरक आला होता. नंतर इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून त्यावर आक्षेप घेतले. मीटरभराच्या अंतरात साडेआठ सेंटिमीटरसाठी डोकं उघडं ठेवायचं नाही. घाल.

प्रश्न: तुम्ही नेहमी सायकलवाल्यांची बाजू घेता. मी रोज गाडी चालवतो. सायकलवाले मधून चालतात, बाजूला होत नाहीत, मागे रांग लागते. आम्ही काय त्यांच्या मागे रांगत जायचं? आणि दीड मीटर म्हणजे नक्की किती, हे गाडीत बसून कसं कळणार?

उत्तर: आधी रांगण्याचा हिशोब करू. सायकल ताशी वीसनं चालली आहे आणि तुम्हाला पन्नासनं जायचंय. तिच्या मागे तीनशे मीटर अडकलात तर तेवढं अंतर जायला चोपन्न सेकंद लागतात, एरवी साधारण बावीस लागले असते. तुमचे गेले बत्तीस सेकंद. पुढच्या लाल सिग्नलला ते तसेही जाणार होते, आणि तिथे ती सायकल तुमच्या शेजारी येऊन उभी राहणार आहे.

मध्ये का चालतात ते पहिल्या पत्रात आलंच. पण तुमची एक तक्रार मला मान्य आहे. रस्ता रुंद झाल्यावरही मध्येच राहणारे, कानात गाणी लावून मागचं भान नसलेले सायकलवाले आहेत. त्यांना मीही ओरडतो.

दीड मीटरचं आता. ओव्हरटेक करताना सायकलपासून किती अंतर सोडायचं, याचे आकडे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिननं १९७३ मध्येच तीन फुटांचा नियम केला. फ्रान्समध्ये वस्तीत एक मीटर आणि बाहेर दीड, जर्मनीत २०२० पासून वस्तीत दीड आणि बाहेर दोन. तुम्ही विचारलेला प्रश्न बाकी रास्त आहे. सीटवर बसून मोजपट्टी कोण लावणार? इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये यावर छान तोडगा काढला. साध्या कपड्यातला पोलीस सायकलवरून जायचा. कुणी फार जवळून गेलं की पुढच्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवायचा. तो गाडी थांबवून ड्रायव्हरला जमिनीवर अंथरलेल्या चटईवर दाखवायचा, ही सायकल, ही गाडी, आणि अंतर एवढं हवं. कित्येकांना ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं असणार.

तुम्ही घरी हेच करा. गाडी उभी करा, शेजारी सायकल उभी करा, आणि तुमच्या आरशाच्या टोकापासून हँडलच्या टोकापर्यंत दीड मीटर मोजा. गाडीच्या अंगापासून नाही, आरशापासून. मग सीटवर बसून बघा, सायकल काचेतून कुठे दिसते. बहुतेकांना पहिल्यांदा ते फारच लांब वाटतं. ते चित्र लक्षात ठेवा. चालत्या रस्त्यावर सोपी खूण अशी की, मोकळ्या लेनमध्ये निदान अर्धी गाडी गेल्याशिवाय हे अंतर सहसा मिळतच नाही. म्हणजे समोरून कुणी येत असेल तर ओव्हरटेक करायचाच नाही, मागे थांबायचं. मागे ट्रेलर जोडला असेल तर त्याहून जास्त जागा सोडा, वळताना तो तुमच्या चाकांच्या आतून येतो.

हॉर्न अगदी मागे येऊन वाजवू नका, दचकलेली सायकल वाकडी होते. आणि पुढे गेल्यावर लगेच आत घेऊ नका. सायकल अख्खी, पुढच्या चाकाखालच्या रस्त्यासकट, गाडीच्या आतल्या आरशात दिसली की मगच कडेला या. एवढं मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.