अमेरिकेतली ‘यादवी’ : कुठे चपखल, कुठे अपुरी

एका वाचकांनी विचारलंय : “अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या युद्धाला शाळेच्या पुस्तकात ‘यादवी युद्ध’ म्हटलं होतं, वर्तमानपत्रात ‘गृहयुद्ध’ वाचलं आणि एका भाषांतरात ‘नागरी युद्ध’ दिसलं. यातलं बरोबर कोणतं? आणि दक्षिणेची राज्यं बाहेर पडली, त्याला ‘बंड’ म्हणायचं की ‘फुटून निघणं’?”

‘नागरी युद्ध’ आधी बाजूला करू. मराठीत ‘नागरी’ म्हटलं की नागरी सुविधा, नागरी वस्ती, नागरी सहकारी बँक आठवते. इंग्रजी शब्द बघून शब्दाला शब्द ठेवला की असं होतं. गेटिसबर्गच्या शेतांत आणि टेकड्यांवर जुलै 1863 च्या पहिल्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 50,000 सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. त्याला ‘नागरी’ म्हणवत नाही.

‘गृहयुद्ध’ चूक नाही. हिंदीत तोच शब्द चालतो आणि मराठीतही आता रुळलाय. त्याला कुठलाच रंग नाही, आणि काही वेळा तेच सोयीचं असतं.

‘यादवी’ला मात्र रंग आहे. देवगिरीच्या यादवांशी त्याचा संबंध नाही, हा गैरसमज अधूनमधून भेटतो म्हणून सांगतो. शब्द आला महाभारताच्या मौसलपर्वातून. प्रभासच्या किनाऱ्यावर मद्य प्यालेले यादव जमलेत. सात्यकी कृतवर्म्याला झोपलेल्या वीरांच्या हत्येवरून टोमणा मारतो, कृतवर्मा भूरिश्रव्याचा वध उकरून काढतो, सात्यकी त्याचं डोकं उडवतो आणि मग किनाऱ्यावरचे लव्हाळे उपटून सगळे एकमेकांवर तुटून पडतात. ऋषींच्या शापातलं मुसळ त्या लव्हाळ्यांत उतरलेलं असतं. कुणी जिंकत नाही, कुळ संपतं. म्हणून आपण ‘यादवी झाली’पेक्षा ‘यादवी माजली’ जास्त म्हणतो. या शब्दात तीन गोष्टी गृहीत असतात : लढणारे एका रक्ताचे, कारण क्षुल्लक आणि दोष सगळ्यांचा सारखा.

अमेरिकेला यातली पहिली गोष्ट लागू पडते, आणि चांगलीच लागू पडते. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी युद्ध टाळायला तडजोडीचा मसुदा मांडला होता. तो फेटाळला गेला. पुढे त्यांचा एक मुलगा जॉर्ज दक्षिणेच्या सैन्यात मेजर जनरल झाला आणि दुसरा, टॉमस, उत्तरेच्या सैन्यात मेजर जनरल. खुद्द लिंकनच्या मेहुणीचा नवरा, बेंजामिन हार्डिन हेल्म, दक्षिणेचा सेनापती म्हणून सप्टेंबर 1863 मध्ये चिकामॉगाला पडला. त्याची विधवा त्या डिसेंबरात व्हाइट हाउसमध्ये राहायला आली. मिसुरीत तर शेजारी शेजाऱ्याची घरं जाळत होता. तिथल्या सीमेवरून दक्षिणेच्या बाजूची क्वांट्रिलची टोळी ऑगस्ट 1863 मध्ये कॅन्ससच्या लॉरेन्स गावावर चालून गेली आणि गावातल्या दीडशेच्या वर पुरुषांना आणि पोरांना मारलं. उत्तरेच्या सेनापतीने त्यावर मिसुरीतले सीमेलगतचे तालुकेच्या तालुके रिकामे करायला लावले. मिसुरीपुरतं लिहायचं असेल तर ‘यादवी माजली होती’ हे अगदी नेमकं मराठी आहे.

संपूर्ण युद्धाला मात्र बाकीच्या दोन गोष्टी लागू होत नाहीत, आणि माझा आग्रह इथे आहे. कारण क्षुल्लक नव्हतं. 1860 च्या जनगणनेत त्या देशात सुमारे 40 लाख माणसं गुलाम होती. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, असं म्हणणारा लिंकन नोव्हेंबर 1860 मध्ये निवडून आला. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्याच्या नावाची मतपत्रिकाही नव्हती. त्याने शपथ घेण्याआधीच सात राज्यं निघून गेली, सर्वांत आधी 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायना. का निघालो, हे त्यांनी लपवलं नाही. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात आपली बाजू गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे एकरूप आहे असं लिहून ठेवलंय. दक्षिणेचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या सरकारची कोनशिला. इतकं स्वच्छ सांगितलेलं असताना ‘भावाभावांतलं दुर्दैवी भांडण’ अशा सुरात ‘यादवी’ वापरली की ते 40 लाख लोक गोष्टीतून गळून पडतात.

आता ‘बंड’. हा शब्द मराठी वाचकाला खटकतो, कारण 1857 ला राज्यकर्त्यांनी ‘शिपायांचं बंड’ म्हटलं आणि आपण ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. तेव्हापासून ‘बंड’ म्हणणारा तो जुलमी, अशी आपली सवय. ती इथे आणू नये. 1861 मध्ये दक्षिणेचे पुढारी परक्या सत्तेखाली नव्हते, ते स्वतःच सत्तेत होते. जेफर्सन डेव्हिस आधी त्याच अमेरिकेचा युद्धमंत्री होता, मग सिनेटर. एक निवडणूक हातची गेल्यावर ही मंडळी बाहेर पडली.

त्यांचं म्हणणं होतं, की आम्ही बंड केलं नाही, वेगळे निघालो. एकत्र कुटुंबातला भाऊ वेगळा निघतो ना, तसं. वाटणी म्हणून त्यांनी आपल्या हद्दीतले केंद्राचे किल्ले, शस्त्रागारं आणि टांकसाळी ताब्यात घेतल्या आणि हिशेब मिटवायला वॉशिंग्टनला प्रतिनिधी पाठवले. लिंकनने त्यांची भेटच घेतली नाही. कुठल्याही राज्याला केवळ स्वतःच्या मर्जीने संघराज्यातून कायदेशीरपणे बाहेर पडता येत नाही, हे त्याने 4 मार्चच्या पहिल्याच भाषणात सांगितलं होतं. 12 एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. तीन दिवसांनी 75,000 स्वयंसैनिक मागवताना लिंकनने जाहीरनाम्यात शत्रुराष्ट्राचं नाव घेतलं नाही. नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने आवरता येणार नाहीत अशा लोकांचा उल्लेख केला. म्हणजे भाषा पोलिसी बंदोबस्ताची. त्या हाकेनंतर व्हर्जिनिया, अर्कॅन्सॉ, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाही गेली. एकूण अकरा राज्यं, राजधानी रिचमंड.

पण ही भाषा लिंकनलाही निभावता आली नाही. 19 एप्रिलला त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. स्वतःचं बंदर बंद करता येतं, नाकेबंदी शत्रूच्या बंदराची करतात. ब्रिटनने हे बरोबर टिपलं आणि मे महिन्यात तटस्थता जाहीर केली, म्हणजे दोन लढणारे पक्ष आहेत हे मानलं. दक्षिणेला राष्ट्र म्हणून मान्यता मात्र शेवटपर्यंत कुणीच दिली नाही. 1863 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाकेबंदी वैध ठरवली. एकच गोष्ट बंडही असू शकते आणि युद्धही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे ‘बंड की युद्ध’ हा प्रश्न त्या न्यायाधीशांनाही एका बाजूला टाकून सोडवता आला नव्हता.

या शब्दांच्या खेचाखेचीत माणसांचं काय झालं, हे व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोवर दिसतं. हा किल्ला उत्तरेच्या हातात राहिला होता. 23 मे 1861 च्या रात्री तीन गुलाम होडीतून तिथे पळून आले : फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. समोरच्या सेवेल्स पॉइंटवर दक्षिणेसाठी तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपलं होतं. त्यांचा मालक कर्नल मॅलरी. त्याच्या वतीने मेजर केरी पांढरं निशाण घेऊन आला आणि पळालेले गुलाम मालकाला परत करण्याच्या केंद्रीय कायद्यावर बोट ठेवून त्यांना मागू लागला. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर मूळचा मॅसॅच्युसेट्सचा वकील. त्याने उत्तर दिलं, की तो कायदा परक्या देशाला लागू नाही आणि व्हर्जिनिया आपण परका देश झाल्याचं सांगते. फुटून निघालो म्हणता ना, मग आमच्या कायद्याचा लाभ कसा मागता? मॅलरीने किल्ल्यावर येऊन अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली, तर माणसं परत देईन, असंही तो म्हणाला. ज्या व्हर्जिनियात मतदारांनी बाहेर पडण्यावर त्याच दिवशी शिक्कामोर्तब केलं होतं, तिथला कर्नल ती शपथ कसा घेणार?

बटलरने त्या तिघांना ‘कॉन्ट्राबँड’ ठरवलं, म्हणजे शत्रूच्या युद्धकामाला उपयोगी म्हणून जप्त करता येणारा माल. (याचं मराठीत ‘तस्करीचा माल’ असं भाषांतर दिसतं; इथे ते साफ चूक.) शब्द मालाचाच होता, माणसांचा नव्हे, हे लाजिरवाणं आहे. पण त्याच्या आडोशाने पुढे हजारो लोक उत्तरेच्या छावण्यांत पोचले. ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशा जप्तीचा कायदा केला. सप्टेंबर 1862 मध्ये अँटीटमच्या लढाईनंतर दक्षिणेचा सेनापती ली मागे हटला आणि लढाईच्या पाच दिवसांनी लिंकनने मुक्तीची पूर्वघोषणा केली. 1 जानेवारी 1863 पासून बंडखोर भागातले गुलाम कायद्याने मुक्त झाले आणि काळ्या पुरुषांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी झाली. सुमारे 1,80,000 जण उत्तरेच्या फौजेत लढले. संघराज्य टिकवण्यापुरतं सुरू झालेलं युद्ध इथे बदललं, आणि ‘यादवी’ शब्द इथून पुढे सर्वांत तोकडा पडतो.

बाकी लष्करी हकीकत थोडक्यात. पूर्वेला रिचमंड आणि वॉशिंग्टनमधल्या पट्ट्यात उत्तरेचे सेनापती एकामागून एक हरत होते. पश्चिमेला उत्तरेचाच सेनापती ग्रँट नद्यांच्या वाटेने दक्षिणेत उतरत होता. 4 जुलै 1863 ला, गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, व्हिक्सबर्ग त्याच्या हाती आलं आणि लवकरच मिसिसिपी नदी पूर्ण उत्तरेच्या ताब्यात जाऊन दक्षिणेचे दोन तुकडे झाले. सप्टेंबर 1864 मध्ये उत्तरेच्या शर्मनने अटलांटा घेतलं, त्या बळावर लिंकन पुन्हा निवडून आला. 9 एप्रिल 1865 ला अपोमॅटॉक्सला ली शरण आला. सहा दिवसांनी लिंकन गेला. डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. मृतांचा रूढ आकडा 6,20,000 आहे.

आपल्याकडे या युद्धाचे पडसाद कापसाच्या भावात उमटले. मुंबईतली तेजी आणि 1865 ची मंदी पुष्कळांना माहीत असते. पण शब्दाच्या दृष्टीने महात्मा फुले महत्त्वाचे. 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना लिहिली आणि आपले देशबांधव शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवतील अशी आशा धरली. अवघ्या आठ वर्षांपूर्वी संपलेल्या झगड्यात त्यांना जे दिसलं, ते ‘यादवी’ या शब्दात मावणारं नव्हतं.

तेव्हा लिहिताना असं करावं. नाव म्हणून ‘अमेरिकेतलं यादवी युद्ध’ खुशाल वापरा, ते रूढ आहे, ‘गृहयुद्ध’ही चालेल. ‘अमेरिकेत यादवी माजली’ हे मात्र टाळा. राज्यांच्या कृतीला ‘फुटून निघणं’ म्हणा, ते घडलं ते सांगतं आणि त्याला हक्क ठरवत नाही. ‘विलगीकरण’ नको, तो शब्द आता दवाखान्याचा झालाय. ‘बंड’ म्हणायलाही हरकत नाही : सरकारच्या दफ्तरांचे अधिकृत खंड त्याच नावाने निघाले, आणि 1869 मध्ये टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाहेर पडण्याचे ठराव मुळातच रद्दबातल ठरवले. ‘संयुक्त संस्थाने’ हा जुना शब्दप्रयोग या विषयापुरता तरी सोडावा. ‘संस्थान’ म्हटलं की आपल्याला सांगली-कोल्हापूर आठवतं, आणि प्रत्येक राज्य मुळातच स्वतंत्र होतं हा दक्षिणेचा दावा नकळत मान्य होऊन बसतो. ‘राज्यं’ आणि ‘संघराज्य’ पुरेसं आहे. सैन्यांना ‘संघराज्याचं सैन्य’ आणि ‘दक्षिणेचं सैन्य’ म्हणावं. ‘अमेरिकेचं सैन्य’ म्हणायचं असेल, तर ते फक्त पहिल्याला.