पीएचक्यू-९ पहिल्यांदाच वापरताय? आधी एवढं बघा

विद्यार्थ्यांमधल्या नैराश्यावर प्रकल्प करताय, विषय चांगला निवडलायत. सुरुवातीला पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली पुरेशी आहे: ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. वापरायला मोफत. बेकच्या २१ प्रश्नांच्या नैराश्य चाचणीमागे इतक्यात लागू नका. तिला परवाना लागतो.

सगळ्यात महत्त्वाचा नववा प्रश्न. त्यात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार विचारलेत. कुणी '०' सोडून काहीही लिहिलं, तर त्याच दिवशी त्या मुलाशी कोण बोलणार, हे फॉर्म वाटण्याआधी ठरवा. नवखे लोक फॉर्म निनावी ठेवतात, महिन्याभराने एक्सेल उघडतात आणि मग हात चोळत बसतात. निनावीच हवा असेल, तर समुपदेशकाची माहिती आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक फॉर्मवर छापा.

बाकीच्या नेहमीच्या चुका:

- १० किंवा जास्त गुण म्हणजे 'नैराश्य आहे' असं लिहून टाकणं. ही चाळणी आहे. निदान मुलाखतीतूनच होतं.
- परीक्षेच्या तोंडावर फॉर्म भरून घेणं. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. झोप, भूक, थकवा तेव्हा सगळ्यांचेच बिघडलेले असतात.
- वर्गशिक्षकांनी फॉर्म गोळा करणं. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांना कोण खरं सांगेल?
- घरच्या घरी मराठी भाषांतर. तयार मराठी आवृत्ती घ्या, शब्द बदलू नका.

फॅक्टर ॲनालिसिस (प्रश्नांचे गट शोधायची सांख्यिकी पद्धत) वगैरे सध्या राहू द्या. आधी मार्गदर्शकांमार्फत नैतिक समितीची परवानगी मिळवा, मग पाच-सहा मित्रांकडून फॉर्म वाचून घ्या आणि ते कुठे अडखळतात ते टिपा.