प्रश्नाला निकाल म्हणू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सुनावणी लाइव्ह सुरू असताना न्यायमूर्तींनी एक कडक प्रश्न विचारला, बाकीच्या चॅनेलवर ‘न्यायालयाचे ताशेरे’ अशी पट्टी धावली, तू थांबलीस आणि डेस्कने झापलं. थांबलीस ते बरोबरच केलंस. पण उद्या पुन्हा थांबावं लागेल आणि का थांबलीस, हे तुला डेस्कला ठणकावून सांगता आलं पाहिजे. ‘मला खात्री नव्हती’ हे उत्तर पुरत नाही.

शिवसेनेचा खटला घे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज थेट दिसू लागलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रकरणांत हे होतं. १५ मार्च २०२३ ला पीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्यावर प्रश्नांची सरबत्ती केली. ऐकणाऱ्याला वाटावं, शिंदे सरकार गेलंच. दुसऱ्याच दिवशी त्याच पीठाने ठाकरे गटाच्या वकिलांना विचारलं, की चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलेलं सरकार परत आणायचं कसं? पीठ तेच, पाच न्यायमूर्ती तेच. ते दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ताणून बघत होते. त्यांचं कामच ते.

११ मे रोजी निकाल आला. राज्यपालांचा निर्णय चुकीचा, शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. पण ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्याने जुनी स्थिती आणता येणार नाही आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. यातलं एकेक वाक्य सुटं उचललं, की हवा तो पक्ष जिंकतो. म्हणून प्रश्न म्हणजे निकाल नव्हे. कितीदा सांगू!

मग सुनावणी दाखवायचीच नाही का, असं विचारशील. दाखवायची, भरपूर दाखवायची. मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी शेऱ्यावरून निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मे २०२१ मध्ये असे शेरे बातमीत देण्यापासून माध्यमांना रोखायला न्यायालयाने नकार दिला. त्याच निकालात असंही म्हटलं, की असे तोंडी शेरे न्यायालयाच्या नोंदीचा भाग नसतात. आपले लोक पहिला अर्धा भाग मिरवतात, दुसरा विसरतात. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर एका साक्षीदाराची साक्ष छापता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९६६ मध्ये हरले. त्यांना एक साक्ष छापता आली नाही; आपल्याला अख्खी सुनावणी घराघरांत नेता येते, आणि आपण त्यातलं अर्धं वाक्य उचलतो. याचा मला संताप येतो.

तू एवढं कर. प्रश्न कुणाच्या, कुठल्या युक्तिवादावर आला ते वहीत लिही. फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी देताना ‘न्यायमूर्तींनी विचारलं’ असंच म्हण आणि वकिलाने दिलेलं उत्तर त्याच दमात सांग. आदेश वेबसाइटवर चढला, की आधी शेवटचे निष्कर्ष वाच, मग कारणं. शेजारचा रिपोर्टर ओरडतोय म्हणून घाई करू नकोस.

या हट्टापायी मी कित्येक बातम्यांत मागे पडलो. प्राइम टाइम दुसऱ्यांकडे गेला. हा टीव्हीचा माणूस नाही, असं तोंडावर ऐकलं. असेन नसेन, पण माझ्या पट्टीने एकही आरोपी निकालाआधी दोषी ठरला नाही, आणि त्या बदल्यात जे गेलं ते मला आजही महाग वाटत नाही. खंत आहे ती वेगळीच. सत्र न्यायालयात कॅमेरा नसतो. तिथे उलटतपासणीत साक्षीदार वाक्यावाक्याने कसा ढासळतो किंवा कसा टिकून राहतो, ते दिवसभर बाकावर बसूनच कळतं. तेवढा वेळ मी मागत राहिलो, मिळाला नाही. तू माग. नाही म्हणाले तर सुट्टीच्या दिवशी जाऊन बस.

पुढच्या तारखेला आदेश आला, की फोन कर. पूर्ण वाचून झाल्यावर, त्याआधी नको.

तुझा,
काका