गुरुपौर्णिमेला कोणत्या गुरूंचा मान आधी?

तुमच्या मंडळात तीन वेगवेगळ्या गुरूंची शिष्यमंडळी आहेत आणि गुरुपौर्णिमेला कोणाचा फोटो मधोमध, कोणाची पूजा आधी यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात, तर नियम काय ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. आमचं भजनी मंडळ जुळे सोलापुरात आहे. एकाच सतरंजीवर पंढरपूरच्या फडावर (वारकरी महाराजांच्या परंपरेत) तुळशीची माळ घेतलेले वारकरी, दर गुरुवारी अक्कलकोट गाठणारे स्वामीभक्त आणि मठाच्या स्वामीजींना मानणारी लिंगायत घरं बसतात. त्यामुळे हा पेच आमच्या चांगलाच ओळखीचा आहे.

माझं मत ठाम आहे. सामुदायिक पूजा जे सगळ्यांचं आहे त्याचीच करावी. हा दिवस मुळात व्यासपूजेचा. चौरंगावर विठ्ठल-रखुमाई, पुढ्यात ज्ञानेश्वरी, व्यासांची पूजा, आणि त्यातच सगळ्या गुरूंना वंदन. आपापल्या गुरूंची पूजा घरी किंवा मठात मनासारखी करा, तिथे कोणी आडवं येत नाही. इस्कॉनमध्येही दीक्षा कोणाकडूनही घेतलेली असो, रोज सकाळी संस्थापक आचार्य प्रभुपादांची गुरुपूजा सगळे मिळून करतात.

वेळही जपा. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरचा काला, वारीचा समारोप असतो, म्हणजे वारीला गेलेली माणसं तिकडे; स्वामीभक्त अक्कलकोटच्या रांगेत. सकाळी कार्यक्रम ठेवलात तर निम्मं मंडळ गैरहजर राहणार. रात्री भजनाला ठेवा, नाहीतर पुढचा रविवार बघा.

कोणी महाराज प्रत्यक्ष येणार असतील तर नमस्काराची सक्ती नको आणि अडवणूकही नको. वारकरी लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतात. लिंगायतांच्या अष्टावरणात, म्हणजे भक्ताला जपणाऱ्या आठ गोष्टींत, गुरू आहे तसं पादोदकही (गुरूंच्या पायांचं तीर्थ) आहे. प्रत्येकाची रीत वेगळी, ती तशीच राहू द्या. पाद्यपूजेचा मान मात्र बोली लावून कधीही देऊ नका. ज्याच्या खिशात जास्त त्याची भक्ती मोठी, असं लहान मुलांनी आपल्याकडून शिकावं का?

दक्षिणा मंडळाच्या शिल्लकीतून, सगळ्या महाराजांना सारखी द्यावी आणि वहीत लिहावी. तुकोबांनी तर अभंगात बजावलंय की जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळाला बुका लावू नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात. एवढं कडक आज आपल्याला जमत नाही. प्रवासखर्च आणि मानधन द्यावंच लागतं, पण निदान आकडा माईकवरून जाहीर करू नका. हार एकच, मंडळातर्फे. शाल, नारळ, सोलापुरी चादर, टॉवेल असे एकेकाचे सत्कार सुरू झाले की कीर्तनाचा तास त्यातच जातो, आणि महाराजांच्या गाडीची डिकी चादरींनी भरते.

एक गोष्ट बहुतेक मंडळांत राहून जाते. महाप्रसादाच्या चुलीपाशी सकाळपासून राबणाऱ्या बायका हात धुऊन, पदर सारखा करून मांडवात येतात तेव्हा महाराज गाडीत बसलेले असतात. कीर्तन संपल्यावर पहिलं दर्शन त्यांना द्या, पदाधिकाऱ्यांनी मागे उभं राहावं. आम्ही हा नियम केल्यापासून पुढे घुसण्याची धक्काबुक्की आपोआप कमी झाली.

आणि शंका विचारायला अर्धा तास राखून ठेवा. गीतेच्या चौथ्या अध्यायात (श्लोक 34) ज्ञान मिळवायला नमस्कार, प्रश्न आणि सेवा ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. आपण मधलं नेमकं गाळतो. गुरूंबद्दल कोणाची तक्रार असेल, विशेषतः बाई-मुलांची, तर ‘महाराजांबद्दल असं बोलू नये’ म्हणून ती दाबणं हा आदर नव्हे. ती ऐकायला मंडळातल्या दोघांची नावं आधीच ठरवा, त्यात एक बाई असलीच पाहिजे. हे सगळं ज्येष्ठ महिन्यातल्या बैठकीत वहीत लिहून, वाचून, सह्या करून घ्या, कोणत्याही महाराजांची तारीख घेण्याच्या आधी.