जाड नव्हे, जड पांघरूण

‘वेटेड ब्लँकेट’ या नावाने मिळणाऱ्या जड पांघरुणांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : गेली दोन वर्षे अंथरुणावर पडल्यावर मला तास-दीड तास झोप लागत नाही. दिवसभराचे विचार त्याच वेळी डोके वर काढतात. एका मैत्रिणीने वेटेड ब्लँकेट घेण्यास सुचवले आहे. त्याने खरोखर झोप लागते, की ही केवळ जाहिरात आहे? घ्यायचे झाल्यास किती वजनाचे घ्यावे?

उत्तर : प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. जाड पांघरूण ऊब देते, जड पांघरूण दाब देते. वेटेड ब्लँकेटमध्ये दोन कापडांच्या मध्ये लहान चौकोनी कप्पे शिवून त्यांत काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरलेले असतात, त्यामुळे वजन एका कोपऱ्यात गोळा न होता अंगभर सारखे पसरते. (त्याला ‘वजनदार पांघरूण’ म्हणावे, असे एका वाचकाने सुचवले आहे, पण मराठीत तो मान आपण माणसांना देऊन ठेवला आहे.)

स्थिर, सर्वांगावर पडणारा दाब आणि हलका, सरकता स्पर्श यांना आपले शरीर निरनिराळा प्रतिसाद देते. अंगावरून मुंगी चालली तर आपण दचकतो, आणि कोणी खांद्यावर घट्ट हात ठेवला तर स्वस्थ होतो. ऑटिझम असलेल्या अमेरिकी पशुविज्ञानतज्ज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी किशोरवयात, १९६०च्या दशकात, गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला आणि त्यात काही जनावरे शांत होतात हे त्यांच्या लक्षात आले. तशीच चौकट त्यांनी स्वतःसाठी बनवली आणि १९९२ मध्ये अशा दाबाच्या परिणामांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्या यंत्रात दाब किती आणि किती वेळ, हे ठरवणारा दांडा आत शिरलेल्या व्यक्तीच्याच हाती होता. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढच्या दोन पत्रांची उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

आता पुराव्याविषयी. स्वीडनमध्ये १२० प्रौढांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला चार आठवड्यांचा अभ्यास या विषयात सर्वाधिक सांगितला जातो. त्यात एका गटाला धातूच्या साखळ्यांचे सुमारे आठ किलोचे पांघरूण दिले होते (ते फार जड वाटल्यास सहा किलोचे), आणि दुसऱ्या गटाला दिसायला तसेच, पण दीड किलोचे. निद्रानाशाची तीव्रता निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली, अशांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ५९ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ५ टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत. तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. सहभागी झालेल्या सर्वांना निद्रानाशाबरोबर नैराश्य, चिंताविकार यांसारखा एखादा मानसिक आजारही होता. शिवाय औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि साखरेची गोळी यांतला भेद रुग्णापासून लपवता येतो, तसा आठ किलो आणि दीड किलो यांतला भेद लपवता येत नाही. म्हणून माझे मत असे, की जड पांघरूण झोप आणते असे म्हणण्यापेक्षा झोपेची वाट पाहण्याचा वेळ ते सुसह्य करते, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. आपण वर्णन केलेली तक्रार नेमकी त्याच वेळेची असल्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग होण्याची शक्यता मला वाटते.

वजनाबाबत शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के हा ठोकताळा रूढ आहे. साठ किलोच्या व्यक्तीस सहा किलो. हा नियम नव्हे, त्यामुळे दोन वजनांत मन अडले तर हलके निवडावे. पांघरूण पलंगाच्या नव्हे, तर आपल्या अंगाच्या मापाचे असावे. कडेने लोंबणारा भाग रात्रभर संपूर्ण पांघरूण खाली ओढत राहतो. पहिले काही दिवस संध्याकाळी बसल्या बसल्या मांडीवर घ्यावे, मग झोपताना पायांपासून छातीपर्यंत. मानेच्या वर मात्र कधीही नको. कूस बदलताना अडखळायला होत असेल, तर ते आपल्यासाठी जड आहे असे समजावे.

तथापि, आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोपेची तक्रार असणे आणि ती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणे, याला वैद्यक दीर्घकालीन निद्रानाश मानते. आपली दोन वर्षे झाली आहेत. अशा निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून बोधात्मक वर्तनोपचाराची शिफारस केली जाते. त्यात अंथरुणावर जागे पडून राहण्याचा वेळ कमी करणे, उठण्याची वेळ पक्की ठेवणे आणि झोपेविषयीच्या धास्तीवर काम करणे हे सारे येते. पांघरूण त्याच्या जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नव्हे.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. तो रात्री वारंवार उठतो. त्याला जड पांघरुणात गुंडाळून झोपवल्यास तो शांत झोपेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘गुंडाळून’ हा शब्द आधी काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २००८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ऑटिझम असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचा जड पांघरुणात गुंडाळलेल्या अवस्थेत मृत्यू झाला. पांघरूण अंगावर ठेवायचे असते, अंगाभोवती लपेटायचे नसते, आणि मुलाला ते कोणाच्याही मदतीवाचून दूर सारता आले पाहिजे. आपण जागे असताना, खेळाच्या ओघात, त्याला तसे करायला लावून पाहावे. त्याला ते जमत नसेल किंवा नको असल्याचे तो शब्दाने अथवा खुणेने सांगू शकत नसेल, तर हा विषय तेथेच थांबवावा. मूल ऐकत नाही म्हणून ते अंगावर टाकणे हा तर उपचार नव्हेच.

झोपेच्या अपेक्षेबाबतही सावध राहिलेले बरे. ब्रिटनमधील ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षे वयाच्या ६७ मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जड पांघरुणाने त्यांची एकूण झोप वाढली नाही आणि रात्रीचे उठणेही कमी झाले नाही. गंमत अशी, की मुलांनी आणि पालकांनी पसंती मात्र जड पांघरुणालाच दिली. त्यामुळे आपल्या मुलाला ते आवडले, तर ‘त्याला बरे वाटते’ एवढेच कारण मला पुरेसे वाटते. व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या (ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या) सल्ल्याने, आधी दिवसा आणि आपल्या नजरेसमोर, सुरुवात करावी. काही पांघरुणांना चेन लावलेली खोळ असते. मूल तिच्यात शिरून अडकू शकते, म्हणून अशी खोळ घेऊ नये. घरात तान्हे बाळ असल्यास त्याच्या जवळपासही हे पांघरूण येता कामा नये. वजन भरलेले कपडे किंवा पांघरुणे तान्ह्या बाळांसाठी वापरू नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७४ आहे. झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी ते रात्री यंत्र लावतात आणि मधुमेहामुळे त्यांच्या पायांना बधिरपणा आहे. त्यांना हे पांघरूण भेट द्यावे का?

उत्तर : देऊ नये. ज्यांचा श्वास झोपेत आधीच अडतो, त्यांच्या छातीवर वजन ठेवण्यात शहाणपण नाही, आणि बधिर पायांना दाब जास्त झाल्याची सूचनाच मिळत नाही. दमा, फुप्फुसांचे जुने आजार, रक्ताभिसरणाच्या तक्रारी, नाजूक त्वचा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

प्रश्न : जड पांघरुणाने शरीरातील मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक वाढते असे वाचले. मग मी झोपेची गोळी बंद करू का? तसेच मला रात्री फार उकडते.

उत्तर : आपण वाचले ते बहुधा स्वीडनमधील २६ तरुणांवरील अभ्यासाविषयी असावे. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपण्यापूर्वीच्या तासाभरात लाळेतील मेलाटोनिन सुमारे ३० टक्क्यांनी अधिक वाढलेले आढळले, हे खरे आहे. परंतु त्याच अभ्यासात पेंग अधिक आली नाही आणि झोपेचा कालावधीही वाढला नाही. जड आणि हलक्या पांघरुणाची तुलनाही प्रत्येकी एकाच रात्रीची होती. झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्यास निद्रानाश आधीपेक्षा जोराने उलटतो, म्हणून गोळीचा निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

उकाड्याची आपली तक्रार मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. झोप लागण्याच्या सुमारास शरीराचे आतील तापमान उतरू लागते आणि ती उष्णता त्वचेवाटे बाहेर पडावी लागते. अंगावर कापूस आणि कृत्रिम धाग्यांचे थर असतील, तर तीच वाट बुजते. काचेचे मणी प्लॅस्टिकच्या दाण्यांपेक्षा घन असल्याने तेवढ्याच वजनाचे पांघरूण पातळ होते. म्हणून काचेचे मणी आणि सुती कापड असलेले, किंवा जाड सुताने सैल विणलेले, आतून काहीच न भरलेले पांघरूण पाहावे. तेही उबले, तर फक्त पायांवर घ्यावे. धुण्यापूर्वी आपल्या धुलाईयंत्राची क्षमता तपासावी, कारण सात किलोचे पांघरूण भिजल्यावर सात किलोचे राहत नाही. वरची खोळ वेगळी निघत असेल, तर बहुतेक वेळा तेवढीच धुतली तरी काम भागते.