इंग्लंडला जाण्याआधी कार पुण्यात शिकून जावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहता, दहा वर्षं स्कूटर चालवताय, कार कधी चालवली नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे अडीच महिन्यांनी इंग्लंडला जायचंय. कार इथे शिकून जावी की तिथे कोऱ्या पाटीने सुरुवात करावी? सासरे म्हणतात, इथे शिकलीस तर वाईट सवयी घेऊन जाशील. आई म्हणते, तिथे एका तासाला काय पैसे घेतात माहीत आहे का?

सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, आईचं पाऊण. मी २०१७ ते २०२२ इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका मध्यम गावात राहिले, तिथली परीक्षा एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले आणि आता परत कोथरूडमध्ये रोज शिव्या खात गाडी चालवते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

इथे शिका, आणि नुसतं शिकू नका, लायसन्स हातात घेऊनच विमानात बसा. कारण साधं आहे. तुम्ही तिथल्या रहिवासी झालात की पहिले १२ महिने भारतीय लायसन्सवर तिथे कार चालवता येते. भारत त्यांच्या 'लायसन्स बदलून देण्याच्या' यादीत नाही, म्हणजे आपलं कार्ड देऊन त्यांचं कार्ड मिळत नाही. थिअरी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात, तुमचा अनुभव वीस वर्षांचा असला तरी. पण ते १२ महिने फार मोलाचे आहेत. त्या काळात तुम्ही एकट्या दुकानात, शाळेत, स्टेशनवर जाऊ शकता आणि तिथला रस्ता अंगवळणी पडतो. कोऱ्या पाटीने गेलात तर पहिल्या दिवसापासून लाल 'एल'ची पाटी आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस. नवरा स्वतःच नवखा असेल तर तो माणूस आणायचा कुठून?

वेळ मात्र कमी आहे, म्हणून आजच लागा. तुमच्याकडे दुचाकीचं लायसन्स आहे, त्यात चारचाकीचा वर्ग वाढवून घ्यायचा. त्यासाठीही आधी लर्निंग लायसन्स लागतं, ते 'परिवहन'च्या पोर्टलवर घरबसल्या होतं. त्यानंतर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. शिवाय स्लॉट मिळायला वेळ जातो. हे सगळं जोडलंत तर अडीच महिन्यांत जेमतेम बसतं. दलालाच्या नादाला लागून टेस्ट न देता कार्ड घेण्याचा विचार डोक्यात आला असेल तर सोडून द्या. ते कार्ड तुम्हाला गाडी शिकवणार नाही, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात ते उघडं पडेल. इंटरनॅशनल परमिटबद्दल विचारलंय: आपलं स्मार्टकार्ड इंग्रजीत असतं, ब्रिटनमध्ये चालवायला परमिट लागत नाही. भाड्याने गाडी घेणार असाल तर कंपनीचे नियम आधी वाचा, बरेच जण एक वर्ष तरी जुनं लायसन्स मागतात.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

मी कार शिकले ती म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवर, सकाळी साडेसहाला, एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या खिळखिळ्या हॅचबॅकमध्ये. शिकवणारे काका एका पायाने त्यांच्या बाजूचा क्लच धरून बसायचे आणि एका हाताने पेपर वाचायचे. वीस दिवसांत मी गाडी चालवायला लागले असं मला वाटलं, प्रत्यक्षात निम्मी गाडी काकाच चालवत होते. त्या गाडीचा डावा आरसा मिटवलेला असायचा. मी विचारलं तर म्हणाले, "रिक्षा घासून जातात, रोज कोण बदलणार? आणि तुम्ही पुढे बघा, मागचा हॉर्न देईल की."

मागचा हॉर्न देईल की. हे वाक्य तेव्हा मला अगदी रास्त वाटलं होतं. पुण्यात आपण गाडी कानाने चालवतो. सिंहगड रोडला डावीकडून स्कूटर येतेय हे आरशात बघून कळत नाही, तिने पीं केलं की कळतं. मागे बस आहे हे तिच्या भोंग्यावरून कळतं. प्रत्येकाने आपण आहोत हे ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकून थोडं सरकायचं, अशी सगळी व्यवस्था आहे, आणि खरं सांगायचं तर ती बरी चालते.

तिथे पोचल्यावर मी चार महिने भारतीय लायसन्सवर मजेत गाडी चालवली. डावीकडून चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखंच. मग परीक्षेची तयारी म्हणून एक शिकवणारा लावला, तासाला तीस पौंड. पहिल्या तासाला त्याने मला गावातून फिरवलं आणि मध्येच विचारलं, "मागे कोणती गाडी आहे?" मला माहीत नव्हतं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी आरशात बघून उत्तर दिलं, तर म्हणाला, "आता बघून सांगितलंत. तुम्हाला आधीपासून माहीत असायला हवं होतं." मागच्याने हॉर्न दिला नव्हता ना! तिथे कोणी देतच नाही. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला तर कायद्यानेच बंदी आहे, पण दिवसाही आठवड्यातून एखादा ऐकू यायचा. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "इथल्या गाड्यांना हॉर्न बसवायचे वेगळे पैसे पडतात का गं?"

तर तुम्ही तिथे जे पैसे भरणार आहात ते क्लचसाठी भरू नका. ते कानाकडून डोळ्यांकडे येण्यासाठी भरा. आईचा पैशाचा मुद्दा मी पाऊण बरोबर म्हटला तो यासाठी. क्लच, गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स, चढावर गाडी उचलणं हे इथे काही हजारांत होतं. तळजाईच्या चढावर मधेच थांबून हँडब्रेकवरून गाडी मागे न सरकवता उचलता आली की तुमचं इथलं शिक्षण झालं. मॅन्युअलच शिका आणि तिथली परीक्षाही मॅन्युअलवरच द्या. ऑटोमॅटिकवर दिली तर नंतर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते.

बारा महिन्यांचा हिशेब चुकवू नका. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अकरा महिने निवांत चालवत राहिले, करू की, करू की म्हणत. तेराव्या महिन्यात पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' लावून शेजाऱ्याची मनधरणी करत फिरत होता. त्यामुळे पोचल्यावर पत्ता पक्का झाला की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे तिथल्या शिकाऊ, लायसन्सला अर्ज करा. ऑनलाइन फी ३४ पौंड. १२ महिन्यांच्या आत ते घेतलंत तरी उरलेले महिने तुम्ही आपल्या लायसन्सवर, 'एल' न लावता चालवू शकता, याची अनेकांना उगाच भीती असते. मग थिअरी, २३ पौंड. थिअरी पास झाल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षेची तारीख घेता येत नाही, आणि त्या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात. म्हणून थिअरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत उरका. तिचा निकाल दोन वर्षं चालतो.

थिअरीत ५० प्रश्न, ४३ बरोबर हवेत. 'हायवे कोड' नावाचं पुस्तक नीट वाचलं की ते होतं. त्रास झाला तो दुसऱ्या भागाचा. रस्त्याचे १४ व्हिडिओ दाखवतात आणि धोका तयार होताना दिसला की माउस क्लिक करायचा. ७५ पैकी ४४ गुण लागतात. पहिल्यांदा सराव केला तेव्हा मला धोका दिसेचना. फुटपाथच्या कडेला एक मुलगा चेंडू घेऊन उभा, मला वाटलं, उभाच आहे की! उभ्या बसमागून एक बाई डोकावतेय, मला वाटलं, डोकावू दे. लक्ष्मी रोडवर इतकं काही होत असतं की त्यातलं काहीच धोका वाटत नाही, बंपरला टेकेपर्यंत. नंतर मी दुसऱ्या टोकाला गेले आणि दिसेल त्यावर क्लिक करत सुटले. तसं केलं तर मशीन त्या व्हिडिओला शून्य देतं. दोन आठवडे रोज सराव केला तेव्हा कुठे जमलं.

प्रत्यक्ष परीक्षा साधारण ४० मिनिटांची, कामाच्या दिवशी ६२ पौंड. सुरुवातीला २० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवायची. नाही आली तर गाडी सुरू न करताच घरी, म्हणून जाण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. छोट्या चुका १५ पर्यंत चालतात, पण एकच गंभीर चूक झाली की संपलं. माझ्या पहिल्या परीक्षेत छोट्या चुका फक्त सहा होत्या. एका मोठ्या राउंडअबाउटवरून, म्हणजे गोल चौकातून, बाहेर पडताना मी डावा आरसा पाहिला नाही. सायकलवाला बराच लांब होता, कोणी ब्रेक मारला नाही, कोणी काही बोललं नाही. परीक्षकाच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत काही दिसलं नाही, मी तर पास झाले असंच समजून बसले होते. गाडी थांबल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, डावा आरसा, गंभीर. मला त्या क्षणी डीपी रोडवरची ती मिटवलेली काच आठवली. अकरा वर्षांनी तिने हिशेब केला होता.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम आपल्या पुस्तकातही आहे, पण स्वारगेटच्या चौकात तो कोणी पाळताना पाहिलाय? पण इथेच पुणेकराचा दुसरा घोटाळा होतो. खूप ऐकवल्यामुळे आपण घाबरून थांबूनच राहतो, आणि जागा असताना न जाणं हीसुद्धा तिथे चूक धरतात. हळू चालवणंही तसंच. गावाबाहेरच्या, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असलेल्या बोळवजा रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा असू शकते. त्याचा अर्थ साठने जा असा नाही, पण वीसने रांगत गेलात तर मागे रांग लागते.

आणि डिपर! हे कुठेच कोणी सांगत नाही. आपल्याकडे समोरच्याने डिपर दिला म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. तिथे रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ बरोबर उलटा, 'या, तुम्ही आधी या'. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या एका अरुंद गल्लीत समोरच्याने मला डिपर दिला. मी शहाण्यासारखी थांबले. त्याने पुन्हा दिला. मला वाटलं, चिडला, म्हणून मी गाडी थोडी मागे घेतली. त्याने तिसऱ्यांदा दिला. माझा शिकवणारा इतका हसत होता की त्याला बोलता येईना.

सिग्नलला आपल्यासारखे उलटे मोजणारे आकडे नसतात. हिरव्याआधी लाल-पिवळा एकत्र लागतो, तेव्हा तयार व्हायचं, निघायचं नाही. आपला नारायण पेठी पाय तिथे सुटतो, सांभाळा.

पास झाल्यावरही दोन वर्षं जपून. त्या काळात लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट जमले तर लायसन्स रद्द, पुन्हा पहिल्यापासून दोन्ही परीक्षा. गाडी चालवताना फोन हातात धरलेला पकडला तर एका फटक्यात सहा पॉइंट आणि २०० पौंड. म्हणजे एक फोन, की परत 'एल'ची पाटी. इथे सिग्नलला रिल्स बघायची सवय असेल तर आजपासून फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर.

एक राहिलं, स्कूटर तिथे नेऊ किंवा घेऊ का, असंही विचारलंय. पावसात आणि थंडीत हौस उतरेल हे एक, आणि त्यासाठीही वेगळं एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण आहे. कारच्या परीक्षेतून सुटका झाल्यावर बघा.

आणि सासऱ्यांना नाराज करू नका, कामाला लावा. लर्निंग लायसन्स आलं की शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस लागतोच, तो त्यांच्याहून चांगला कोण मिळणार? रविवारी सकाळी त्यांना घेऊन तळजाईला जा, दोन्ही आरसे उघडे ठेवा, आणि त्यांना सांगा की दर पाच मिनिटांनी अचानक विचारायचं, मागे कोणती गाडी आहे? उत्तर चुकलं की चहा तुमच्याकडून.