चोवीस तास म्हणजे चोवीसच

पोरी,

मध्यरात्री बाळंत झालेल्या बाईच्या बाळाला हिपॅटायटिस बीची, म्हणजे यकृताला धरणाऱ्या विषाणूची लस द्यायला गेलीस, तर साहेब 'एका पोरासाठी दहा डोसांची व्हायल फोडू नको, लसीकरणाच्या दिवशी बघू' म्हणाले. आता भांडू की गप्प बसू, विचारतेस. भांड. हे विचारायची पाळी यावी, याचाच मला राग येतो.

जन्मतानाच आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात ती कायमची मुरते. मोठेपणी लागली तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीची गोळी विषाणू दाबून ठेवते, पार काढत नाही. म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस, आईचा रिपोर्ट असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत नव्या लागणी 90 टक्क्यांनी कमी करायच्या. ते तुझ्या लेबर रूममध्ये ठरणार आहे, जिनिव्हात नाही.

वाया जाण्याचं म्हणशील तर उघडलेली व्हायल 28 दिवस चालते. लेबलवर उघडल्याची तारीख-वेळ लिही. लस उष्णतेनं बिघडली का ते दाखवणारी खूण व्हायलवर असते, तिच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना, बघ. गोठली असेल तर मात्र खुशाल टाकून दे.

आमच्या वेळी एका शनिवारी रात्री फ्रीजची किल्ली दुसऱ्याच्या घरी होती. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडची बाई, सोमवारी किल्ली आली तोवर ती बाळ घेऊन गावी गेलेली. त्या बाळाचं पुढं काय झालं, कळलं नाही. ते अजून सलतं. त्यानंतर दुसरी किल्ली लेबर रूममध्ये येईपर्यंत मी कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. हट्टी म्हणाले, मेमो दिला. आजही तेच करीन. बाळ सोमवारपर्यंत थांबत नाही, चोवीस तास म्हणजे चोवीसच.

घरच्यांशी मराठीत बोल, नुसतं कन्नड पत्रक हातात देऊन पुढं जाऊ नकोस. आई पॉझिटिव्ह असली तर वॉर्डात मोठ्यानं बोलायचं नाही, तिला बाजूला घे. आई पॉझिटिव्ह असली तरी अंगावर पाजायला हरकत नाही, हे सासूच्याही कानावर घाल; नाहीतर दूध तोडतात.

तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीच्या कार्डावर, तारखेबरोबर वेळही लिही. उघड्या व्हायलचं परिपत्रक साहेबांपुढं ठेव. तरीही नाही म्हणाले तर नकार लेखी माग, आणि त्याच दिवशी मला फोन कर.

तुझी,
अक्का